सर्वपित्रीची हाक

दिनकरराव म्हणजे तोंड पोळलेलं नसतानाही ताक फुंकून पिणारे गृहस्थ. परभणीच्या कचेरीत त्यांची ख्यातीच तशी होती. कुणी रडत येऊन वडील वारल्याचं सांगितलं, तर दिनकरराव त्याला आधी पाणी देत, बसवून घेत आणि मग गावच्या पाटलाचा दाखला मागत. हैदराबाद संस्थान विलीन झालं, नवं सरकार आलं आणि जुन्या सनदा तपासायचं काम निघालं, तेव्हा तहसीलदारांनी इनामी खाणींची चौकशी डोळे मिटून त्यांच्या गळ्यात घातली. उर्दू त्यांना येत होती, मोडी येत होती आणि भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. या शेवटच्या गुणाचं कचेरीला फारसं कौतुक नव्हतं.

त्रेपन्न सालच्या भाद्रपदात ते जातेवाडीला आले. गंगाखेडपर्यंत रेल्वे, तिथून पालमला मोटार आणि पुढे माणिकराव पाटलांनी धाडलेला छकडा. दोन्ही अंगांना ज्वारी पोटऱ्यात आली होती आणि चाकाला काळी माती अशी चिकटत होती, की गाडीवान दर थोड्या अंतरावर उतरून ती काठीने खरवडत होता. दिनकररावांनी दप्तर मांडीवर घट्ट धरलं होतं. त्यात निजामाच्या वेळची एक सनद होती आणि एक कोरा तक्ता, ज्यावर त्यांना एका घराण्याची वंशावळ भरून न्यायची होती.

वाडीला नाव खदानीने दिलेलं. बारीक कणाचा, झिजायचं नाव न घेणारा काळा दगड तिथे निघे आणि त्याची जाती होत. पार ताडकळसच्या बाजारापर्यंत बायका जातेवाडीचंच जातं मागत. खदान खोदायचा हक्क मात्र एकाच घराचा. सनदेत तसं स्वच्छ लिहिलेलं होतं, मूळपुरुषाच्या नावासकट.

त्या संध्याकाळी पाटलांनी त्यांना खदान दाखवली आणि या चौकशीत बऱ्याच खाणी पाहिलेले दिनकरराव काठावर उभे राहून बघतच राहिले. एरवी खाण म्हणजे जमिनीला पडलेलं भगदाड. ही तशी नव्हती. वरपासून खालपर्यंत मोठमोठ्या पायऱ्या उतरत गेल्या होत्या, एकेक पायरी पुरुषभर उंचीची, कडा सुतात तासलेल्या.

"बापाच्या पायरीला पोरानं छिन्नी लावायची न्हाई," माणिकराव म्हणाले. "आपली पायरी खाली धरायची. ही वरची भानबाची. तिच्याखाली सटवाजीची. मंग येसबा, कोंडबा, आश्रुबा. आश्रुबा माझा लंगोटीयार."

"आणि ती सर्वांत खालची?"

खाली पावसाचं पाणी साचलं होतं. त्याच्या वर जेमतेम हातभर रुंद अशी एक अर्धवट कोरलेली पायरी दिसत होती.

"येडबाची," माणिकराव हलक्या आवाजात म्हणाले आणि लगेच काठापासून मागे सरले. "चला साहेब. हितं उभं ऱ्हाऊन नावं घेत नसतेत."

दिनकरराव मनातल्या मनात हसले, पण परत जाताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. आपण आजवर कागदावर आखत आलो ती वंशावळ कुणीतरी दगडात आखून ठेवली आहे, हे त्यांच्या मनातून जाईना. इतकी माणसं, इतकी वर्षं, सगळी खालीखाली उतरत गेलेली. त्यांना उगाचच टोपी काढावीशी वाटली.

पेच होता तो येडबाचा. रझाकारांच्या धामधुमीत येडबा आणि त्याचा धाकटा भाऊ बिरू गाव सोडून पैनगंगेच्या पल्याड छावणीत गेले होते. परत आला तो एकटा बिरू. तो म्हणत होता, थोरला तिकडेच तापाने गेला. येडबाची बायको म्हाळसाबाई मात्र कपाळावर चांगलं रुपयाएवढं कुंकू लावून पाटलाच्या ओसरीवर चौकशीला हजर झाली. तिशीची बाई, हातापायांनी दणकट, जात्याला टाकी लावताना दगडाच्या कपच्या उडून कोपरापर्यंत बारीक वण पडलेले.

"बाई, तुमचे यजमान हयात आहेत की नाहीत?" दिनकररावांनी विचारलं.

"हायेत."

"वैनी..." बिरू बोलायला गेला.

"तुमी गप बसा, भावजी." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तुमी बघितलं आसंल. मी न्हाई बघितलं."

बिरू गप्प बसला. पाच वर्षं तो असाच गप्प बसत आला होता, हे त्याच्या खाली गेलेल्या मानेवरूनच कळत होतं. एकाच घरात राहून, एकाच चुलीवरची भाकरी खाऊन त्या दोघांत ही एक गोष्ट कधी पुरी बोलली गेली नव्हती.

दिनकररावांनी कायदा समजावून सांगितला. येडबा मयत असेल, तर हक्क विधवेच्या आणि भावाच्या नावे चढेल, खदान घरात राहील. तो हयात असेल, तर त्याने स्वतः समोर यायला हवं. तो आला नाही, तर या महिनाअखेर हक्क सरकारजमा. मग लिलाव. सडकेच्या खडीसाठी एक ठेकेदार टपूनच बसला होता. तो काही छिन्नीने दगड काढणार नव्हता. सुरुंग लावणार होता.

"पायऱ्या?" बिरूने विचारलं.

"पायऱ्या राहणार नाहीत."

म्हाळसाबाईच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. पदराचं टोक मात्र तिने बोटाला गच्च गुंडाळून घेतलं.

छावणीतले लोक पांगलेले, कागद एक नाही. राहिला पंचांचा जबाब. दिनकररावांनी माणिकरावांपुढे कागद सरकवला. माणिकराव तो कागद बराच वेळ न्याहाळत बसले. "सही करतो की," ते म्हणाले, "पर खदानीला इचारल्याबिगर न्हाई. उद्या सर्वपित्री हाय. बाकीचं जग कावळ्याची वाट बघतंय, जातेवाडी खदानीची बघती."

मग कळलं ते असं. दर सर्वपित्रीला ताडकळसहून चंद्रभान नावाचा भाट येई. भर दुपारी खदानीच्या काठावर उभा राहून तो घराण्यातल्या एकेका पुरुषाला नावाने हाक मारी. जो गेला असेल, तो आपल्या पायरीवरून ओ देई. जो जिवंत असेल, त्याची ओ यायची नाही. घरच्यांनी हाक मारायची नाही, कारण धाकट्याने थोरल्याचं नाव घेऊ नये आणि बाईने तर नवऱ्याचं घेऊच नये. चंद्रभान त्याच धामधुमीत वारला. त्याचा मुलगा नांदेडला गिरणीत लागला. पाच वर्षं खदानीत कुणी हाक मारली नव्हती.

"तुमी मारा," माणिकराव म्हणाले. "तुमी परके. नावं तुमच्या कागदावर हायेतच."

दिनकररावांना खरं तर हसूच येत होतं. पण बुडत्याला काडीचा आधार आणि कारकुनाला पंचाच्या सहीचा. ते हो म्हणाले. दगडाच्या उभ्या भिंती, खाली पाणी, आवाज घुमणारच. पाटलाला प्रतिध्वनी ऐकू येईल, तो सही करील आणि आपण संध्याकाळच्या आत पालम गाठू, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ स्वच्छ होतं. घरोघरी वड्या-भजी तळल्याचा वास वाडीभर भरला होता, पण खदानीकडे चौघेच निघाले. निवडुंगातून जाणारी पायवाट एका माणसापुरतीच होती. पुढे पाटील, मागे दिनकरराव, मग बिरू, सर्वांत शेवटी म्हाळसाबाई. बिरूच्या हातात केळीच्या पानावर नैवेद्य होता.

काठावर पोचल्यावर दिनकररावांनी आधी आपली खातरजमा करून घेतली. टाळी वाजवली. टाळी परत आली. "कोण आहे?" असं ओरडले. "आहे... आहे..." असं दगडांनी म्हटलं. ते समाधानाने मान हलवून माणिकरावांकडे वळले. माणिकरावांनी नुसतं म्हटलं, "नाव घ्या."

दिनकररावांनी तक्ता उघडला, घसा साफ केला आणि कचेरीत पुकारा करतात तशा आवाजात पहिलं नाव घेतलं.

"भानबा!"

नाव परत आलं नाही. टाळी आली होती, शब्द आले होते, नाव मात्र खाली गेलं ते गेलंच. आणि मग वरच्या पायरीवरून, पायांखाली हातभरावर कुणी असावं इतक्या जवळून, कुणीतरी म्हणालं,

"ओ."

हातातलं काम न सोडता, मान वर न करता एखादा कामकरी ओ देतो, तशी ओ होती ती. म्हाताऱ्या माणसाची.

दिनकररावांची बुद्धी ताबडतोब कामाला लागली. प्रतिध्वनी शेवटचा स्वर पकडतो. भानबाचा शेवट आकाराने होतो. मग 'आ' यायला हवा होता. वारा? झाडाचं पान हलत नव्हतं. खाली कुणी लपलंय? पायरी समोर उघडी पडली होती, तिच्यावर एक सरडा ऊन खात बसला होता. आवाज आला तिथेच तो होता आणि हलला नव्हता.

"थांबू नगा साहेब," माणिकराव पुटपुटले.

"सटवाजी वल्द भानबा!"

"ओ." एक पायरी खालून. हा आवाज तरुण होता, थोडा त्रासिक.

"येसबा वल्द सटवाजी!"

आधी खोकला आला. दगडाची भुकटी छातीत बसलेल्या माणसाचा, ओढून काढलेला, लांब खोकला. मग "ओ."

माणिकरावांचे डोळे चमकले. "माझा आजा सांगायचा," ते कुजबुजले, "येसबाचा खोकला शिवंवर ऐकू यायचा मनून."

दिनकररावांनी पुढच्या नावावर बोट ठेवलं, पण लगेच हाक मारली नाही. भीती नव्हती ती. भीती त्यांना ठाऊक होती. रझाकारांच्या दिवसांत परभणीत त्यांनी ती पोटभर चाखली होती. हे काही निराळंच होतं. आयुष्यभर त्यांनी मेलेल्या माणसांची नावं लिहिली होती, अमुक वल्द तमुक, एकाखाली एक, आणि त्यातल्या एकाचाही आवाज कसा असेल, असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. आपण फार लहान आहोत, असं त्यांना वाटलं. आणि नवल म्हणजे, तसं वाटण्यात मोठं सुख होतं.

"कोंडबा वल्द येसबा!"

"ओ."

"आश्रुबा वल्द कोंडबा!"

"ओ!" हा आवाज मोकळा, थट्टेखोर. माणिकरावांनी डोक्याचा पटका काढून छातीशी धरला. म्हातारा गालांवरून ओघळणारं पाणी पुसायच्याही भानात नव्हता. "आश्रुबा," तो हळूच म्हणाला, "बरा हैस न्हवं गड्या?"

आता एकच नाव उरलं होतं. बिरूने नैवेद्याचं पान खाली ठेवलं. म्हाळसाबाई मागे, निवडुंगाजवळ उभी होती.

"येडबा वल्द आश्रुबा!"

काहीच नाही.

दिनकरराव वाट बघत राहिले. ओ नाही, प्रतिध्वनीही नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली, सगळा जीव एकवटून. कापसात ढेकूळ पडावं तशी ती हाक नाहीशी झाली. खालच्या अर्धवट पायरीशी पाणी संथ होतं.

"न्हाईत!" म्हाळसाबाई पुढे धावली. ती हसत होती आणि रडत होती. "न्हाईत ते तितं! बगा, पाटील! मी काय सांगत व्हते? हायेत, कुटंतरी हायेत ते!"

"जिता हाय," माणिकराव आश्चर्याने म्हणाले.

दिनकररावांना तिच्या आनंदाकडे बघवेना. "बाई," ते शक्य तितक्या मऊपणे म्हणाले, "मग मला 'हयात, ठिकाण माहीत नाही' असंच लिहावं लागेल. खदान जाईल. सुरुंग लागतील. आत्ता ज्यांनी ओ दिली, त्यांच्या पायऱ्या..."

तिने पायऱ्यांकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, एकेक करत.

"लिवा," ती म्हणाली. "दगूड जाऊ द्या. माझा माणूस ऱ्हाऊ द्या."

दिनकररावांनी दौत काढली, टाक बुडवला.

"वैनी." बिरू मटकन खाली बसला होता. "आज तरी पुरं ऐका. मंग काय लिवायचं ते लिवा."

ती त्याला थांबवणार होती. हात वर गेलाही होता. पण आनंदात माणूस जरा ढिला पडतो, तशी ती थांबली.

"ताप डोस्क्यात चढला व्हता," बिरू जमिनीकडे बघत सांगू लागला. "पाणी बी उतरंना. मंग एकाएकी उठून बसला. मन्ला, बिरू, ती हाक मारायलीय, मला जाऊ दे. मी मन्लं, दादा, वैनी तुजं नाव घेतीय व्हय कवा? पड खाली. तर हसला, वैनी. मन्ला, घेईल की एक दिस. ती घेईल तवर मी कुटं जात न्हाई. आन् मंग... मीच अग्नी दिला. ह्या हातांनी. तुमास्नी सांगाया लागलो की तुमी तोंडावर हात ठिवायच्या."

टाकाच्या टोकावरची शाई वाळून गेली.

म्हाळसाबाईच्या चेहऱ्यावरून तो आनंद हळूहळू उतरत गेला. तिने ठरवलं असतं, तर तिथेच थांबता आलं असतं. खदानीने तिच्या बाजूने कौल दिला होता. पाटलाने ऐकला होता. टाक साहेबांच्या हातात होता.

"थांबा साहेब," ती म्हणाली. "परक्याच्या हाकंला ते कसं ओ देतील?"

ती काठाशी गेली. पदर डोक्यावरून नीट घेतला. ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. जन्मात न घेतलेलं नाव, जीभच उचलेना. तिने डोळे मिटले. पुन्हा ओठ हलले.

मग ती म्हणाली, खदानीला ऐकू जाईल असं नव्हे, चुलीपलीकडे बसलेल्या माणसाला म्हणावं तसं हलकेच,

"येडबा."

सगळे खालच्या पायरीकडे बघत होते.

"ओ."

खालून नाही.

ओ आली ती म्हाळसाबाईच्या खांद्याशी, तिच्या आणि दिनकररावांच्या मधल्या मोकळ्या जागेतून. दिनकररावांच्या कानाला श्वासाची ऊब लागली. नुकत्याच फोडलेल्या दगडाचा वास आला.

ती दचकली नाही. तिने मान वळवली आणि त्या रिकाम्या जागेकडे बघितलं. किती वेळ बघत होती, दिनकररावांना सांगता आलं नसतं.

"पाच वर्सं," ती म्हणाली. "आन् मी याड्यावानी रस्त्याकडं बघत बसले."

मग दिनकररावांना म्हणाली, "मयत लिवा, साहेब. खदान आमची ऱ्हाऊ द्या." आणि थोड्या वेळाने, "कुंकवाचं मात्र मला कुणी काई सांगू नगा."

दिनकररावांनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं, याचं त्यांनाच नवल वाटलं. माणिकरावांनी पटका डोक्याला न बांधताच सही केली.

परतायची वेळ झाली. बिरू उठून पायवाटेवर आला होता. म्हाळसाबाई वाटेच्या तोंडाशी थांबली. कुणीतरी पुढे व्हावं म्हणून बाईमाणूस थांबतं, तशी ती क्षणभर थांबली आणि मग, पुढे एका माणसाचं अंतर राखून, चालू लागली.

बिरूने समोर पाहिलं. मान खाली घातली आणि थोरला भाऊ आला की धाकटा बाजूला होतो, तसा तो वाट सोडून निवडुंगात उभा राहिला. काटे पोटरीत रुतले, तरी हलला नाही.

दिनकररावांनी दप्तर छातीशी धरलं. तेही काट्यांत एक पाऊल मागे सरले आणि दोघं पुढे गेल्यावरच वाटेला लागले.